आखूडशिंगी रायफल

सुलक्षणा खांबेटेला उंची देताना देवाने हात आखडता घेतला आणि वाचलेलं सगळं तिच्या जिभेत भरलं, असं ब्रिस्टलची मराठी मंडळी म्हणत. पाठीमागे म्हणत, कारण तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. मिरजेची ही मुलगी एकाहत्तर साली इंग्लंडात आली आणि भूल देणारी डॉक्टर झाली. दिवसभर दुसऱ्यांना भूल द्यायची आणि स्वतः कुणाच्या भूलथापांना बळी पडायचं नाही, हा तिचा बाणा. ऑपरेशन थिएटरातले भलेभले सर्जन तिच्यापुढे आवाज खाली करत. आवाज खाली न करणारा एकच माणूस होता, आणि तो नेमका घरातला होता.

पद्माकर खांबेटे म्हणजे तिचे थोरले दीर. फिल्टनच्या विमान कारखान्यात इंजिनिअर, राहायला पॅचवेला, आणि गावाबाहेरच्या रायफल क्लबचे सेक्रेटरी. क्लबातला पहिला हिंदुस्थानी मेंबर आपण, हे ते चहा ओतता ओतताही सांगत. नियमांचे इतके पक्के की एकदा एका म्हाताऱ्या कर्नलने शेजारच्या नेमबाजाला सहानुभूतीने ‘बॅड लक’ म्हटलं, तर फायरिंग पॉइंटवर बोलल्याबद्दल यांनी त्याला लेखी ताकीद दिली. सुलक्षणा त्यांना ‘भावजी’ म्हणे, ‘तुम्ही’ म्हणे, आणि मनातल्या शिव्यासुद्धा आदरार्थी बहुवचनात घाली. ते तिला ‘तू’ म्हणत आणि त्या एका अक्षरात पुष्कळ काही बसवत.

वैराचं मूळ गिरीशच्या रायफलीत होतं. गिरीश म्हणजे सुलक्षणाचा नवरा आणि पद्माकरांचा धाकटा भाऊ. मोठ्या भावाने त्याला नेमबाजी शिकवली, आणि त्याने ती बायकोला शिकवली. सुरुवातीला ती गाडीत बसून स्वेटर विणत असे. एका गारठ्याच्या रविवारी गिरीशने तिला चटईवर पालथं झोपवलं, रायफल हातात दिली, आणि वर्षाच्या आत ती भावजींच्या पुढे गेली. भावजींना ते पचलं नाही. एकदा क्लबच्या स्पर्धेआधी त्यांनी तिला सल्ला दिला, की साइट दोन खटके उजवीकडे घे. तिने घेतली, आणि गोळी निशाण सोडून भलतीकडेच गेली. हवी होती डावीकडे. “गडबडीत उजवं-डावं झालं,” भावजी म्हणाले. विमानांचे पंख बसवणाऱ्या माणसाचं उजवं-डावं होतं, यावर सुलक्षणाचा विश्वास बसला नाही. गिरीश हसला होता. त्याला सगळ्याचंच हसू येई.

सत्त्याऐंशीच्या हिवाळ्यात तो गेला. हार्ट. घरातल्या डॉक्टरला काही करता आलं नाही, याचा सल तिने कधी कुणाला दाखवला नाही. रायफल तिने रीतसर आपल्या लायसन्सवर चढवून घेतली आणि अस्थी घेऊन ती भारतात गेली. क्लबच्या कपाटात ठेवलेली ती रायफल तिच्या माघारी भावजींनी वापरली. परवानगी विचारली नाही. पावसात झाडली, ओलीच पिशवीत कोंबली आणि विसरून गेले. सुलक्षणा परत आली तेव्हा नळीच्या तोंडाशी आतून गंज चढला होता.

“तो गंज आधीचाच असणार,” भावजी म्हणाले. “गिरीश कुठे पुसायचा नीट!”

मेलेल्या माणसावर ढकललेली ही गोष्ट तिने गाठीला बांधून ठेवली. दुसरा कुणी असता तर निदान ‘पाऊस फार होता’ एवढं तरी म्हणाला असता.

वर्षश्राद्ध भावजींच्या घरी झालं, कारण ते थोरले. लेस्टरहून गुरुजी आणवले होते. जाऊबाई, म्हणजे सुनीती, खीर वाढत होत्या. आणि अशा जेवणात भावजींनी विषय काढला. बंदूक दुरुस्त करणारा प्रॉसर म्हणाला होता की नळीचा गंजलेला पुढचा भाग कापावा लागेल, आणि मागचा, जिथे काडतूस बसतं तो भागही वापराने झिजला आहे. म्हणजे काडतूस नव्याने निवडायचं होतं.

“सोपं आहे,” भावजी म्हणाले. “मागचा खड्डा मोठा कोरून घ्यायचा आणि मोठं मॅग्नम काडतूस बसवायचं. नळी आखूड झाली ना? मग दारू वाढवायची!”

गुरुजींचा घास हातातच राहिला. श्राद्धाच्या पानावर दारू वाढवण्याची भाषा त्यांनी उभ्या लेस्टरात ऐकली नव्हती. “बंदुकीची दारू हो, गुरुजी,” सुनीती घाईघाईने म्हणाल्या. गुरुजींनी मान हलवली, पण खीर मात्र नको म्हणाले.

“मला मॅग्नम नकोय,” सुलक्षणा म्हणाली. “मला लहान काडतूस हवंय.”

“लहान? आखूड नळीला लहान काडतूस? आणि मारायचं कुठे, तर हजार यार्डावर!” भावजी मोठ्याने हसले. “सुनीती, ऐकलंस का? हिला गाय हवी आखूडशिंगी, बहुदुधी, आणि वर लाथ न मारणारी!”

पंगत हसली. म्हण इतकी चपखल बसली होती की सुलक्षणालाही क्षणभर दाद द्यावीशी वाटली, आणि त्याचाच तिला जास्त राग आला. आखूड नळी, लांबचा पल्ला, आणि खांद्याला धक्का नको. म्हणीत सगळं होतं.

“मॅग्नमची लाथ सोसवत नाही असं सरळ सांग ना,” भावजींनी पुढे रेटलं. “दुभत्या गाईच्या लाथा गोड मानायच्या असतात.”

“मानल्या असत्या, भावजी. पण दूध तुम्ही पिणार आणि लाथा मी खाणार, हे तुमच्या घरचं गणित मला कळलंय.”

हसू बंद झालं. भावजी पाणी प्यायले आणि मनात होतं ते बोलले. “ती रायफल माझ्या भावाची आहे. आईने त्याला माझ्या हवाली केलं होतं, ही रायफल मी त्याला निवडून दिली होती. तू तिचं खेळणं करून टाकशील. पुढच्या ऑटमला बिस्लीच्या रेंजवर हजार यार्डांची मॅच आहे. दहाच्या दहा गोळ्या टार्गेटवर लावून दाखव. एक जरी चुकली, तर रायफल माझ्या घरी.”

“आणि लागल्या तर?”

“परत नाव काढणार नाही.”

“शब्द?”

“शब्द.”

भिंतीवर हार घातलेला गिरीश हसतच होता.

प्रॉसरचं वर्कशॉप नदीपलीकडे फॉरेस्ट ऑफ डीनमध्ये होतं. माणूस कमी बोलणारा, आणि जे बोलायचा ते आधीच रागावल्यासारखं. त्याने रायफल शिकंज्यात धरून स्पष्ट सांगितलं, की मॅग्नमचा मार्ग स्वस्त आणि सोपा. मागचा खड्डा मोठा कोरायचा, नळीची लांबी तेवढीच राहते. लहान काडतूस हवं तर जुना खड्डा अख्खा कापून टाकावा लागेल, मगच नवा, लहान कोरता येईल. म्हणजे नळी पुढून गेली ती गेलीच, आता मागूनही जाणार. आणि आखूड नळीतसुद्धा मॅग्नमची गोळी लहान काडतुसापेक्षा वेगानेच जाईल, हेही त्याने लपवलं नाही.

म्हणजे भावजी तितके खोटे नव्हते. हे सुलक्षणाला गिळायला जड गेलं. ती स्टुलावर बसून विचार करत राहिली. मॅग्नमच्या पुंगळीत दारू पुष्कळ, आणि ती सावकाश जळणारी. तिला जळायला लांब नळी लागते. नळी आखूड असेल तर गोळी बाहेर पडते तेव्हा बरीच दारू जळायची बाकी असते, आणि ती तोंडाबाहेर भडकते. चुलीत फार लांब लाकूड सारलं की अर्धं चुलीबाहेर जळतं, घरभर धूर होतो आणि भाकरी कच्ची राहते, तसं. दारूच्या मानाने वेग थोडा मिळतो, आवाज, ज्वाळा आणि लाथ मात्र पुरेपूर मिळतात. आणि धक्क्याच्या भीतीने गोळी सुटायच्या आधीच खांदा आकसतो. तिचा आकसत होता. गिरीशपाशी तिने ते एकदाच कबूल केलं होतं.

उलट लहान काडतुसातली दारू झटपट जळते. आखूड नळीतही तिचं काम बहुतेक पुरं होतं. वेग कमी, पण दर खेपेला जवळजवळ तोच. हजार यार्डावर एवढंच बघायचं, की गोळी निशाणापर्यंत ध्वनीच्या वेगाच्या वर राहते की नाही. त्या वेगाखाली उतरली की ती डुगडुगायला लागते आणि मग ती कुणाच्या बापाची नाही. त्यावर उपाय होता. सात मिलिमीटरची लांबट, जड, निमुळती गोळी वारा कापत जाते आणि वेग टिकवते. निघताना धावायचं नाही, पोचताना दमायचं नाही. भूल देणाऱ्या बाईला हे कुणी शिकवायला नको होतं. पेशंट झोपत नाही म्हणून दुप्पट औषध ओतणारे ज्युनियर तिने पुष्कळ झापले होते.

“सेव्हन-ओ-एट,” ती प्रॉसरला म्हणाली. त्या लहान काडतुसाचं ते नाव. “दोन्हीकडून कापा.”

“तुमच्या ब्रदर-इन-लॉचा फोन आला होता. मॅग्नमच करा म्हणाले.”

“रायफल कुणाच्या लायसन्सवर आहे, मिस्टर प्रॉसर?”

प्रॉसरने करवत उचलली.

पुढचं वर्ष क्लबमध्ये तिचं हसं होत राहिलं. इंग्रज मेंबर सभ्यपणे हसत आणि भावजी मराठीत. बुटक्या बाईची बुटकी रायफल. पार्किंगमध्ये गाठून भावजी विचारत, “काय, दूध किती लिटर?” मराठी मंडळाच्या गणपतीतही ही गोष्ट पोचली. एक बाई कौतुकाने म्हणाल्या, की ऐकलंय तुम्ही गाय पाळलीत, कौन्सिल परवानगी देतं का हो? सुलक्षणा त्या दिवशी आरतीला थांबली नाही. घरी येऊन गॅरेजमध्ये बसली आणि लहानशा तराजूवर दारू तोलून काडतुसं भरू लागली. दाणा इकडचा तिकडे होऊ द्यायची नाही. रागात माणसाचा हात थरथरतो म्हणतात, पण तिचा स्थिर व्हायचा. मन लावून कुणाचा तरी तिरस्कार करणं हेही एक काम असतं आणि ते तिला झकास जमत होतं.

उन्हाळ्यात गोळ्या लागू लागल्या. आधी सहाशे यार्डावर, मग नऊशेवर, एकीला एक चिकटून. हसणारे इंग्रज गप्प झाले. एकाने तर काडतुसाचं नाव विचारून घेतलं. भावजींनी काही विचारलं नाही, पण त्यांचं दूध विचारणंही थांबलं.

बिस्लीला मॅचच्या दिवशी वारा डावीकडून चांगलाच जोराचा होता. रेंजवरचे झेंडे ताठ उभे राहिले होते. नियमाप्रमाणे नेमबाजामागे एक जण दुर्बीण लावून बसतो आणि प्रत्येक गोळीचे गुण मोठ्याने सांगून टिपून घेतो. त्यापलीकडे त्याने ब्र काढायचा नाही. सुलक्षणामागची खुर्ची भावजींनी स्वतः मागून घेतली होती.

“माझ्या डोळ्यांनी बघेन, मगच खरं मानीन,” ते म्हणाले. “नाहीतर म्हणशील लागली.”

“तुमच्यासारखं बोलायची मला सवय नाही,” ती म्हणाली आणि चटईवर पालथी झाली.

एवढा वारा असताना साइट भरपूर डावीकडे वळवून ठेवावी लागते, म्हणजे वारा गोळीला ढकलत निशाणावर आणतो. तिने हिशेब केला, श्वास सोडला आणि पहिली गोळी झाडली. धक्का बेताचा, खांदा सैल. दूरचं टार्गेट खाली गेलं आणि गोळी लागली तिथे खूण लावून वर आलं. मधल्या काळ्याच्या कडेला.

“फोर,” भावजी म्हणाले. दात ओठ खाऊन म्हणाले.

दुसरी लागली. तिसरी लागली. गोळ्या लागत गेल्या तसतसा मागचा आवाज बारीक होत गेला. अगदी मध्यावर लागलेल्या एका ‘बुल’च्या वेळी तर तो इतका नाइलाजाने आला की तिला आनंदाने शीळ घालावीशी वाटली. पाऊस भुरभुरू लागला. शेवटची एक राहिली. तिने काडतूस आत सारलं, गाल रायफलीला टेकवला, डोळा साइटला लावला. आता त्या छिद्रापलीकडे जग नव्हतं. बोट घोड्यावर गेलं.

मागून अगदी हलका आवाज आला. मराठीत.

“वारा पडलाय. थांब.”

तिचं बोट थबकलं. मान वर करून झेंड्यांकडे बघायचं, की नाही? मान काढली की मांडलेला सगळा डाव मोडतो, हे भावजींना ठाऊक होतं. आयुष्यात ज्या माणसाने फायरिंग पॉइंटवर नियमाबाहेर एक शब्द काढला नाही, तो आज काढतो आहे, आणि तोही शेवटच्या गोळीला! दोन खटके उजवीकडे घे, म्हणणारा हाच आवाज. गिरीश कुठे पुसायचा नीट, म्हणणारा हाच. बाईची जात म्हणून मी सहज फसणार, असं वाटतंय यांना. तिच्या अंगात संताप भरून आला आणि हात नेहमीसारखा स्थिर झाला.

तिने गोळी झाडली.

टार्गेट खाली गेलं नाही. ती वाट पाहत राहिली. मग तिने मान वर केली. मघाशी ताठ उभे असलेले झेंडे काठ्यांना चिकटून लोंबत होते, दोरीवर विसरलेल्या ओल्या धोतरांसारखे. वारा खरंच पडला होता. ढकलणारं कुणी नव्हतं, त्यामुळे गोळी साइट होती तशी सरळ डावीकडे निघून गेली होती. बऱ्याच वेळाने टार्गेटखालच्या खंदकातल्या माणसांनी कळवलं. मिस.

भावजींनी ते मोठ्याने सांगितलं नाही. नियमाप्रमाणे सांगायला हवं होतं.

रेंज ऑफिसर, निवृत्त मेजर हॅलम, छत्री घेऊन तिच्यापाशी आला. “डॉक्टर, तुमचा स्कोअरर तुमच्याशी बोलला. मी ऐकलं, भाषा कळली नाही. त्याने तुमचं लक्ष विचलित केलं असेल तर तक्रार करा. ही गोळी तुम्हाला पुन्हा मारता येईल.”

सुलक्षणा चटईवरच उठून बसली. रायफल मांडीवर होती. एक ‘येस’ म्हटलं की ती तिची होती. शिवाय भावजींचं सेक्रेटरीपद जाईल, सगळ्या क्लबसमोर नाक कापलं जाईल. अशा संधीसाठी ती दीड वर्ष टपून होती. तिने मागे पाहिलं. भावजी कार्ड हातात घेऊन उभे होते. पावसाने चष्मा भिजला होता, तो त्यांनी पुसला नव्हता. गप्प बसले असते तर रायफल त्यांना आपसूक मिळाली असती. हे आत्ता तिच्या लक्षात आलं, आणि आलेलं तिला मुळीच आवडलं नाही.

“काय म्हणाला तो?” मेजरने विचारलं.

“काही नाही,” ती इंग्रजीत म्हणाली. “नेहमीसारखं स्वतःशी पुटपुटत होते. मला सवय आहे त्याची.”

मेजर खांदे उडवून निघून गेला.

कार पार्कमध्ये तिने रायफल पुसली. आतून, बाहेरून, नळीच्या तोंडाशी दोनदा, भावजींच्या समोर, त्यांना दिसेल अशी. मग ती पिशवीत घातली आणि त्यांच्या पुढ्यात धरली. “लायसन्सचे कागद सोमवारी करू. तोवर क्लबच्या कपाटात ठेवा.”

भावजींनी हात पुढे केला नाही. “सांगितलं होतं तुला,” ते म्हणाले. आवाज चढलेलाच होता, पण त्यात विजय कुठे नव्हता. “चांगलं स्पष्ट सांगितलं होतं. नववीपर्यंत काय सुंदर मारलंस! गिरीशने बघायला हवं होतं, असं मनात आलं आणि बोलून गेलो. ऐकलं का नाहीस?”

“तुम्ही सांगितलंत म्हणून.”

भावजींनी पिशवी घेतली आणि कडेवरच्या पोरासारखी सांभाळत ते व्हॅनकडे गेले.

सुलक्षणा ब्रिस्टलच्या रस्त्याला लागली. रायफल गेली याचं दुःख तिला होतंच, पण ते सोसता आलं असतं. भावजी खोटं बोलले असते तर त्यांच्यावर संतापण्यात उरलेलं आयुष्य मजेत गेलं असतं. ते खरं बोलले होते, आणि आता ती धड कुणावर रागवावं हेच न कळून, मोटारवेवर पहिल्यांदाच गिरीशसाठी मोठ्याने रडली.